उजवा कौल

महिपती बारामतीच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा आणि दर रविवारी सकाळची यष्टी धरून, देव नाही हे सिद्ध करायला भिवरवाडीला जायचा. भिगवणला गाडी बदलायची, डाळजच्या फाट्यावर उतरायचं आणि धरणाच्या पाण्याच्या दिशेनं अर्धा तास चालायचं. चारचौघं रविवारी मटण आणतात, नाहीतर झोपा काढतात. याची ही तऱ्हा. बायको कौसल्या डबा भरून देताना म्हणायची, "जो नाहीच म्हणता, त्याच्यासाठी एवढी पायपीट करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

वादाला समोर असायचा त्याचा चुलतभाऊ म्हस्कू, दोन वर्षांनी थोरला. म्हसोबाच्या नवसानं झाला म्हणून म्हस्कू, आणि बापामागं त्याच म्हसोबाचा पुजारी. शिक्षण चौथी. तरणेपण सगळं मेंढरांमागं गेलं. पुढं उजनीच्या पाण्यात चराईची रानं बुडाली, काठाकाठानं मोटारी बसल्या, तेव्हा मेंढरं विकून त्यानं ऊस लावला. ऊस बरा येत होता, पण बोलणं मेंढक्याचंच राहिलं.

"महिपा," देवळाच्या पारावर तंबाखू मळत तो म्हणायचा, "कळप बघितला का त्येच्यामागं मेंढका हाय, हे मला कुणी सांगाय लागत न्हाय. मंग चांद-सूर्य येळच्या येळी निघत्यात, येळच्या येळी बसत्यात, त्यास्नी कुणी वळत नसंल व्हय?"

"वळत असेल. पण त्या मेंढक्याला कोण वळतो?"

"त्येचा बा."

"आणि बापाला?"

"आज्जा."

"आणि आज्ज्याला?"

"आता तू माजा समदा वंश काढणार," म्हणून म्हस्कू खदखदून हसायचा आणि तंबाखूची चिमूट पुढं करायचा.

कधी महिपती बहात्तरचा दुष्काळ काढायचा. मेंढरं माना टाकत होती तेव्हा तुझा देव कुठं होता? म्हस्कू म्हणायचा, "तितंच हुता की. आमच्यासंगट उपाशी." कधी म्हस्कूच डाव टाकायचा. "समज, देव न्हाईच. मंग माजा एक नारळ वाया गेला. पर असला तर तुजं काय हुईल?" महिपती म्हणायचा, "नारळ कुठं वाया जातो? फोडून तूच खातोस." असं बरोबरीत चाललेलं असायचं, तोवर म्हस्कूची बायको प्रयागबाई चहा घेऊन यायची. "भावजी, देव हाय का न्हाय ते सांजच्याला ठरवा. चा मातुर आत्ता हाय, आन तो निवतूय." रोज दिवेलागणीला म्हसोबापुढं दिवा लावणारी ती, पण देव नाही म्हणणाऱ्या दिराच्या चहात आलं जास्त घालायची.

एका रविवारी म्हस्कूनं वेगळंच काढलं. "कोकरू जमिनीवर पडतं तवा त्येला दूध ठावं नसतं. पाय लटलट करत्यात. पर तोंड आचळाकडंच जातं. तोंड हाय म्हंजी आचळ हाय, महिपा. माणसाचं तोंड जिकडं वळतं, तितंबी काय तरी असणारच."

महिपतीला हे आवडलं. आवडलं की तो जास्त जोरात खोडून काढायचा. "आई मेलेल्या कोकराचं तोंडही तसंच वळतं, दादा. तिथं आचळ नसतं."

म्हस्कूनं मळलेली चिमूट तोंडात सोडली. मग म्हणाला, "त्येला आमी दुसरीला लावतो. जिचं कोकरू मेलंय, तिच्या मेल्याल्या कोकराचं कातडं ह्येच्यावर पांघरतो. ती हुंगती, आन पाजती."

"म्हणजे तुम्ही तिला फसवता."

"फसवतो. पर दूध खरंच असतंय की."

त्या दिवशी महिपतीनं पुढं वाद घातला नाही. आपण जिंकलो असं वाटून म्हस्कू खूश झाला. त्याला काय माहीत, चोराच्या मनात चांदणं पडलं होतं.

त्याचं असं झालं होतं. धरणाचं पाणी चढायला लागलं त्या वर्षी जुनं गाव उठलं आणि देवही हलवायचा ठरला. भावकीची रीत मोठी कडक. आधी देवाच्या अंगावरचं पिढ्यान्‌पिढ्यांचं शेंदराचं कवच उतरवून नदीत सोडायचं. आतला उघडा गोटा कुणाच्या नजरेस पडायच्या आत नव्या घोंगड्यात गुंडाळायचा. पहाटे एकट्यानंच तो घेऊन निघायचं, अनवाणी, वाटेत कुणाशी न बोलता, आणि भुईला न टेकवता. बाकी गावानं नव्या जागेवर वाट बघत थांबायचं. हा मान घराघरांत फिरता, आणि त्या खेपेला नेमका महिपतीच्या घराकडं आलेला. तेव्हा तो नुकताच बी.ए. झालेला, देवावरचा विश्वास कॉलेजात सोडून आलेला. पण मान घराचा होता, आई डोळ्यांत पाणी आणून बघत होती. म्हस्कूचे वडील सावळारामतात्या तेव्हा पुजारी. त्यांनी मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी चाचपडत घोंगड्याची गाठ मारली आणि देव त्याच्या हातात दिला.

वाटेत ओढा होता. धरणाच्या फुगवट्याचं पाणी त्यात कमरेइतकं शिरलेलं. मधोमध महिपतीचा पाय शेवाळावरून सटकला. घोंगडं हातात राहिलं, गाठ सुटली आणि देव गेला. उजाडेपर्यंत तो बुड्या मारत राहिला. हाताला गाळ लागला, काटक्या लागल्या, देव काही लागला नाही. पलीकडं ढोल वाजायला लागले तशी त्याची पाचावर धारण बसली. त्यानं काठावरचा तेवढ्याच आकाराचा एक काळा, गुळगुळीत गोटा उचलला, घोंगड्यात गुंडाळला आणि चालू लागला. बोलायचं नाही ही रीत त्याच्या पथ्यावर पडली. तात्यांनी गोटा हातात घेतला, बराच वेळ त्यावरून बोटं फिरवली, मग कपाळाला लावला आणि जागेवर बसवला. वर शेंदूर चढला. पुढची वीस वर्षं चढतच राहिला.

पहिले सहा महिने महिपती शिक्षेची वाट बघत होता. मेंढरं मरतील, आई अंथरूण धरेल, निदान आपला पाय तरी मोडेल. काहीच झालं नाही. खऱ्या देवानं जेवढे नवस पुरवले तेवढेच या ओढ्यातल्या गोट्यानं पुरवले, आणि जेवढे बुडवले तेवढेच बुडवले. देव नाही याचा एवढा धडधडीत पुरावा जगातल्या कुठल्या पंडिताकडं नसेल. पण तो त्यानं कधी काढला नाही. गावाची भीती होतीच. भावकीतले थोरले सर्जेरावआबा सांगायचे, देवाशी खोटं वागणाऱ्याचं चूल-पाणी गावानं बंद करावं. पण गावापेक्षा त्याला म्हस्कूची भीती जास्त होती. हे सांगितलं की रविवार संपले, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसरा भाऊ त्याला नव्हता, आणि दोस्त म्हणावा असाही कुणी नव्हता.

शहाण्णव सालच्या कार्तिकातल्या एका रविवारी तो पोचला तर पारावर म्हस्कू नव्हता. प्रयागबाई घरात पोटाशी पाय घेऊन पडलेली, ओठ आवळलेले. भिगवणच्या डॉक्टरनं आदल्या दिवशी तपासून सांगितलं होतं, आतडं सुजलंय, बारामतीला नेऊन ऑपरेशन करा, उशीर नको.

"मग थांबलास कशाला?" महिपती ओरडला.

"कौल डावा पडला," म्हस्कू म्हणाला.

त्या घराची ही जुनी रीत. मेंढराला कातर लावायची तरी आधी देवाला विचारायचं. मग माणसाच्या अंगाला हत्यार लावायचं तर विचारायलाच हवं. सकाळच्या पूजेला देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला कण्हेरीची एकेक ओली कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर थांब. आणि एका दिवसात एकदाच विचारायचं. म्हस्कूची आई बाळंतपणात अडली तेव्हा तात्यांनी डावा कौल मोडून तिला दवाखान्यात नेलं होतं आणि ती परत आली नव्हती. म्हस्कू तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच्याशी यावर वाद घालणं म्हणजे त्या सात वर्षांच्या पोराशी वाद घालणं होतं.

तरी महिपतीनं घातला. जमेल तेवढं सगळं बोलला. पुरावा म्हणजे काय, योगायोग म्हणजे काय, कळी ओली जास्त असली तर उशिरा पडते, वाऱ्यानं पडते. म्हस्कू ऐकत होता. मधेच आत जाऊन बायकोच्या कपाळावर हात ठेवून येत होता. शेवटी म्हणाला, "तुजं समदं खरं आसंल रं. पर माजा हात व्हत न्हाय."

महिपतीनं कॉलेजला रजा कळवली आणि भिगवणहून जीप आणून दारात उभी केली. सोमवारी सकाळी पुन्हा डावी कळी पडली. दुपारी मात्र नवल झालं. प्रयागबाईचं दुखणं थांबलं. घामानं भिजलेली ती उठून बसली, घोटभर पाणी प्याली आणि म्हणाली, "भावजी, तुमच्या चात आज आलं कुणी घातलं का न्हाय?" म्हस्कूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "बघ महिपा, त्यानं थांब म्हनलं त्ये उगं न्हवं." आत आतडं फुटलं होतं म्हणून ठणका थांबला होता. हे तिथं कुणालाच कळलं नाही. महिपतीला शंका आली, पण त्यानं ती दाबली, कारण ती बोलून दाखवली असती तर पुढं ओढ्यातल्या गोट्याचंही बोलावं लागलं असतं.

मंगळवारी पहाटे तिला ताप भरला. पोट पाटीसारखं कडक झालं. पूजेला सगळी भावकी जमली. सर्जेरावआबा खांबाला टेकून बसलेले. म्हस्कूनं कळ्या लावल्या. तेव्हा महिपती उठला.

"थांबा," तो म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. म्हस्कूही वळला. त्याच्या तोंडावर असं काही होतं की महिपतीला वाटलं, हा वाटच बघतोय. कुणीतरी आपल्याला या कळ्यांतून सोडवावं, याची.

वाक्य तयार होतं. हा देव नव्हे, ओढ्यातला गोटा आहे, मीच आणून ठेवलाय. एवढंच बोलायचं होतं. वीस वर्षं जिभेला हाड नसल्यासारखा बोललेला माणूस, आणि एवढंच. त्यानं सर्जेरावांकडं बघितलं, कोपऱ्यात हात जोडून बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईकडं बघितलं. आणि त्याच्या मनानं हिशोब केला: दोनदा डावी पडली, तिसऱ्यांदा उजवी पडायलाच आली. पहिल्या दोन वेळांचा तिसऱ्या वेळेशी काही संबंध नसतो, हे तो दर वर्षी पोरांना फळ्यावर नाणं काढून शिकवायचा. त्या क्षणाला ते सगळं पुसलं गेलं.

"जीप दारातच आहे म्हणतो मी," तो म्हणाला. "उजवी पडली की लगेच निघू." आणि खाली बसला.

बसला आणि त्यानं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी त्यानं त्या गोट्याला, स्वतःच्या हातानं काठावरून उचललेल्या त्या गोट्याला सांगितलं, एवढी वेळ उजवी पाड. मी पुन्हा काही बोलणार नाही. मोठं मनापासून मागितलं त्यानं. खरं सांगण्यापेक्षा खोट्यापुढं हात जोडणं त्याला सोपं गेलं, हे त्याचं पाप. आपण त्याला दुसरं नाव कशाला द्यायचं?

डावी पडली.

बुधवारी उजवी पडली. ढोल वाजवावा तशी भावकी ओरडली. प्रयागबाईला जीपमध्ये घातलं तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. बारामतीला टेबलावर घ्यायच्या आधीच ती गेली. डॉक्टर तरुण होता, चिडून म्हणाला, "दोन दिवस आधी आणायला काय झालं होतं?" म्हस्कूनं खाली मान घातली. त्याच्या शेजारी महिपतीनंही घातली, पण डॉक्टर फक्त म्हस्कूकडंच बघत होता.

पुढच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप मागं हटलं. जुन्या गावाची जोती उघडी पडली, ओढाही उघडा पडला. एका रविवारी म्हस्कू म्हणाला, "चल, जुनं गाव बघून येऊ." प्रयागबाई गेल्यापासून तो कमी बोलायचा, पण देव आहे की नाही यावर अजून एखादं वाक्य टाकायचा, भावाला बरं वाटावं म्हणून टाकत असावा. दोघं भेगाळलेल्या गाळावरून चालत ओढ्यापाशी आले. महिपतीची नजर आपोआप खाली गेली. शिंपले, फुटके माठ, मोटारीचा गंजलेला पाइप. तो वाकून एकेक गोटा बघू लागला.

"काय हुडकतूस?" म्हस्कूनं विचारलं.

आणि महिपतीनं सांगितलं. पाय कसा सटकला, बुड्या कशा मारल्या, गोटा कुठला उचलला. बोलता बोलता त्याची पुस्तकी भाषा गळून पडली. "दादा, तुजा देव हितंच कुठंतरी हाय रं. तितं हाय तो न्हवं. माज्या हातनं झालं. मला माफी दे."

त्याला वाटलं होतं, म्हस्कू खाली बसेल, नाहीतर अंगावर धावून येईल. म्हस्कू उभाच राहिला.

"तात्याला ठावं आसंल," तो म्हणाला. "जन्मभर हात फिरवल्याला गोटा. बोटास्नी कळल्याबिगर राहतंय व्हय? कोकरू बदललं म्हणून त्यानं आचळ आखडून घेतलं न्हाय, एवढंच." मग तो महिपतीकडं वळला. "त्येचं मला काय न्हाय. दगड कंचा का असंना. पर त्या मंगळवारी तू उठला व्हतास. थांबा म्हनलास. ह्येच बोलायचं व्हतं?"

महिपतीला 'हो' म्हणता आलं नाही. त्यानं मान हलवली.

"बोलला असतास तर म्या तिला उचलून गाडीत घातली असती. देवाला सोडून घातली असती. म्या तुज्याकडं बघत व्हतो, महिपा. वीस वर्सं तुजं ऐकलं, एकदा बी खरं वाटलं न्हाय. त्या दिवशी वाटलं असतं." त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "दगड बोलत न्हाय, ती त्येची जात हाय. तू तर बोलका व्हतास."

परत येताना दोघं एका वाटेनं चालले, पण म्हस्कू दहा पावलं पुढं होता.

बैल गेला आणि झोपा केला, तशी ती माफी. म्हस्कूनं गावात कुणाला सांगितलं नाही. म्हसोबाची पूजा सोडली नाही; सकाळी त्याच गोट्याला तो शेंदूर लावतो, दिवेलागणीला प्रयागबाईचा दिवा आता स्वतः लावतो. कौल मात्र पुन्हा लावला नाही. लोक विचारायला आले तर म्हणतो, "डाक्टरला इचारा."

महिपती अजूनही रविवारी येतो. म्हस्कू त्याला पारावर बसायला पोतं टाकतो, पाणी देतो. ओढ्यावरून आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी महिपतीनं जुनाच धागा उचलला, देव असता तर असं झालं असतं का म्हणून. म्हस्कू म्हणाला, "तू म्हनतूस तसंच आसंल." दुसऱ्या रविवारीही तसंच. ज्याच्यासाठी त्यानं वीस वर्षं घसा कोरडा केला, ते म्हस्कूनं एका वाक्यात देऊन टाकलं, आणि आता ते घेऊन महिपती काय करणार होता?

परवाच्या रविवारी त्यानं शेवटचा उपाय केला. तो म्हस्कूच्या बाजूनं बोलायला लागला. "दादा, मी विचार केला. कोकराचं तोंड आचळाकडं वळतं. तोंड आहे म्हणजे आचळ असणारच. बरोबर होतं तुझं. मीच चुकीचा होतो." तो थांबला. आता म्हस्कू हसेल, 'व्हय ना?' म्हणेल, निदान खोडून तरी काढेल, म्हणून त्याच्या तोंडाकडं आशेनं बघत राहिला.

म्हस्कूनं तंबाखू मळली. चिमूट तोंडात टाकली. डबी मिटून खिशात ठेवली आणि उन्हाकडं बघितलं.

"निघ आता," तो म्हणाला. "तुजी यष्टी चुकंल."